त्रिपुरी पौर्णिमेचं उधाण, चाळीस वर्षांची शिडाची होडी आणि हाताशी पाच शनिवार-रविवार

खाडीकाठी | २८ सप्टेंबर २०२५, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतो आहे, आज मदत मागायला धागा काढतोय.

माझ्याकडे २४ फुटी फायबरची शिडाची होडी आहे, १९८५ च्या आसपास बांधलेली. एक डोलकाठी, दोन शिडं, चार माणसं दाटीवाटीने झोपतील एवढी केबिन आणि दहा अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. आधीच्या मालकांच्या आजारपणात ती सात-आठ वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. मी गेल्या वर्षी घेतली, चैत्रातल्या उधाणावर रेवदंड्याच्या खाडीकाठी वर चढवली आणि पावसाआधी बांबू-प्लास्टिकने शाकारून ठेवली. मी पुण्यात नोकरी करतो, म्हणजे काम फक्त सुट्टीच्या दिवशी.

जागा एका तांडेलांची आहे. होडी ओंडक्यांवर बसवलीय, दोन्ही बाजूंनी टेकू. त्यांच्या स्वतःच्या लाकडी होडीच्या तळाच्या दोन फळ्या गेल्यात. सध्या पंप चालू ठेवूनच ते मासेमारीला जातात. त्यांची होडी याच जागेवर चढायची आहे. ज्या भरतीला माझी तरंगून बाहेर पडेल, त्याच भरतीला त्यांची आत येणार. इतके महिने त्यांनी भाड्याचा एक पैसा घेतलेला नाही. त्रिपुरी पौर्णिमा ५ नोव्हेंबरला आहे, ६ च्या रात्रीची भरती आम्ही धरली आहे. माझ्याकडून ही तारीख हलणार नाही.

होडीला तरंगायला तीन फूट पाणी लागतं. त्या जागेवर साध्या भरतीला घोटाभर येतं, मोठ्या उधाणाला तीन-सव्वातीन फूट. म्हणजे खेळायला फक्त दोन-तीन इंच.

आता काय काय करायचंय ते: डाव्या बाजूचा डेक पायाखाली दबतो. तळाला पाणी आत-बाहेर जायची पाच भोकं आहेत, प्रत्येकावर उघडबंद करायला जुना पितळी कॉक. शाफ्टची ग्लँड, म्हणजे पंख्याचा दांडा तळातून बाहेर पडतो तिथे पाणी अडवणारी दोरीची भरण, कधी भरली होती कोणास ठाऊक. डोलकाठीच्या ताणाच्या तारा मूळच्याच असाव्यात. तळाचा रंग सोलून निघालाय. केबिनमधलं प्लायवूड फुगलंय, वायरिंग गंजलंय, सुकाणूच्या दांड्याचं पॉलिश गेलंय.

आत्तापर्यंत मी केबिनच घासत बसलो होतो. आज मोजलं तर हातात पाच शनिवार-रविवार आणि दिवाळीची सुट्टी उरलीय. कशाला आधी हात घालू?

दर्यावर्दी | २८ सप्टेंबर, रात्री ११.२५

केबिनमधून आधी बाहेर या.

मी तीस वर्षं जहाजावर इंजिनिअर होतो, आता निवृत्त. ड्राय डॉकचा, म्हणजे जहाज पाण्याबाहेर काढून दुरुस्त करायच्या जागेचा, नियम लहान होडीलाही तसाच लागू आहे: पाण्यात गेल्यावर ज्याला हात लावता येत नाही तेच आधी. तुमच्या बाबतीत पाच कॉक, ग्लँड, सुकाणूचे बिजागर, तळाचा रंग, झिंकचे ठोकळे (बाकी धातूंऐवजी स्वतः झिजणारे). संपलं. केबिन, वायरिंग, पॉलिश हे सगळं तरंगत्या होडीत बसून डिसेंबरात करता येतं.

डेक या दोहोंच्या मधला. त्याने होडी लगेच बुडणार नाही, पण कोरड्या जागी, सावलीत, मांडव घालून डेक उघडण्याची सोय तुम्हाला पुन्हा मिळणार नाही. कॉक झाले की डेक घ्या.

पितळी कॉकचं सांगतो. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त आधी निघून जातं आणि मागे तांब्याचं सच्छिद्र भूस राहतं. आकार तसाच दिसतो, ताकद शून्य. चाकूने खरवडा. पिवळं चमकलं तर ठीक. गुलाबी, तांबूस दिसलं तर तो कॉक मेला. मग हातोडीने टोला मारून बघा, आत्ता, जमिनीवर असताना. तुटायचा असेल तर इथे तुटू दे.

सुमेधा_प | २९ सप्टेंबर, सकाळी ८.१०

मला यातलं काहीच कळत नाही पण रात्री पूर्ण वाचलं. दोन प्रश्न. डेक दबतो म्हणजे नक्की काय होतं? आणि एवढं सगळं स्वतः का करायचं, कारागीर मिळत नाहीत का?

खाडीकाठी | २९ सप्टेंबर, सकाळी ९.०५

सुमेधाताई, डेक सँडविचसारखा असतो. वर-खाली फायबरच्या पातळ साली आणि मध्ये बाल्सा नावाचं अगदी हलकं लाकूड. डेकवर काहीही बसवलं की बोल्टसाठी भोक पडतं. त्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी झिरपतं आणि मधलं लाकूड कुजतं. लहान हातोडीने ठोकत गेलं की कळतं. जिथे डेक चांगला तिथे टणक, कोरडा आवाज. कुजलेल्या जागी थप्प.

कारागीर आहेत. मच्छीमार होड्यांचं फायबरकाम करणारे आमच्या किनाऱ्यावर उत्तम आहेत आणि एका शनिवारी मी त्यांच्या हाताखाली काम करून शिकलोही. पण सगळी होडी त्यांना देण्याइतके पैसे नाहीत. आणि रात्री समुद्रात आत पाणी दिसलं तर कुठला पाइप कुठे जातो हे माझ्या हाताला माहीत असायला हवं.

दर्यावर्दी | २९ सप्टेंबर, सकाळी ९.५०

शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण पाठिंबा. गोव्यात 'म्हादेई' बांधली जात होती तेव्हा दिलीप दोंदे तिथे स्वतः राबत होते. २००९-१० मध्ये ते तीच होडी घेऊन एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, असं करणारे पहिले भारतीय. वाटेत बिघाड झाले तेव्हा दुरुस्तीला दुसरं कोण होतं?

खाडीवाली | २९ सप्टेंबर, दुपारी १.३०

मी रायगडातलीच, कोळ्याची मुलगी. बाबांना धागा वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, तारीख धरली पण वेळ काढलीत का?

आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. तुमची ६ च्या रात्री द्वितीया लागलेली असेल, म्हणजे दीडच्या सुमारास. भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून बघा, पाव-अर्धा तास अलीकडे-पलीकडे होतं. सगळ्यात मोठं पाणी पौर्णिमेलाच येतं असं लोकांना वाटतं, पण ते एक-दोन दिवस मागून येतं. आणि थंडीच्या दिवसांत रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असते, पावसाळ्यात उलट. म्हणजे ६ च्या दुपारी पाणी कमी पडलं तर घाबरू नका, रात्री येईल.

बाबांचं दुसरं सांगणं: टेकूच्या बाजूला बांबू पुरा, त्यावर खुणा करा आणि पुढच्या प्रत्येक उधाणाला पाणी कुठवर चढतं ते लिहून ठेवा. सव्वातीन फूट कोणी सांगितलं त्यापेक्षा तुमच्या बांबूने काय सांगितलं ते धरा.

मेरीलँडकर | २९ सप्टेंबर, रात्री ९.१५

मी अमेरिकेत चेसापीक बेच्या काठी राहतो, माझीही १९७८ ची २७ फुटी होडी आहे. आमच्याकडे वसंतात यार्डची क्रेन ठरल्या दिवशी येते, तो दिवस चुकला की पुन्हा रांगेत. तुमची क्रेन चंद्र आहे, एवढाच फरक.

माझा अनुभव: पहिल्या वर्षी मी पाचही कॉक बदलायला घेतले आणि अडकलो. दुसऱ्या वर्षी शहाण्या शेजाऱ्याने विचारलं, पाच हवेतच कशाला? बेसिनचं पाणी बादलीत जाऊ शकतं. जे भोक नको ते बुजवून टाका. त्यावर पुन्हा कधी कॉक लागणार नाही, गळणार नाही, रात्री झोप उडवणार नाही.

खाडीकाठी | ४ ऑक्टोबर, संध्याकाळी ७

आजचा शनिवार गेला. 'शक्ती' चक्रीवादळामुळे किनाऱ्याला इशारा आहे. मांडवाचं प्लास्टिक उतरवलं, होडीवर आडवे दोर टाकून जमिनीत खुंट्या मारल्या, टेकूंना आडव्या पट्ट्या ठोकल्या. तांडेल आणि त्यांचा मुलगा स्वतःच्या होड्या बांधून झाल्यावर माझ्या मदतीला आले.

पाचही कॉक खरवडले. चार गुलाबी. एकाला टोला मारला तर मान तुटून हातात आली. हा कॉक घेऊन मी चैत्रात पाण्यातून आलोय, हे त्या क्षणी अंगावर आलं.

खाडीकाठी | १२ ऑक्टोबर, रात्री ११

वादळ समुद्रात आत निघून गेलं, मांडव परत उभा केला.

मेरीलँडकर, तुमचं ऐकलं. इंजिनच्या थंड पाण्याचं एक भोक आणि कॉकपिटचं पाणी वाहून जायला दोन, एवढी ठेवली. बेसिन आणि संडासाची दोन बुजवली.

जमलं तसं लिहितो, कोणाला उपयोग होईल. भोक नुसतं गच्च भरून चालत नाही, पाण्याच्या दाबाने ते बूच निघू शकतं. भोकाभोवती बाहेरून लांब उतार घासायचा, जाडीच्या बारापट. माझा तळ तिथे १० मिमी जाड, म्हणून चारी बाजूंना १२० मिमीपर्यंत उतार. मग फायबर कापडाच्या चकत्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडी मोठी, इपॉक्सीत (दोन भाग कालवले की घट्ट होणारं चिकट रेझिन) भिजवून एकावर एक. आतूनही तसंच. वाटीएवढ्या भोकासाठी ताटाएवढी जखम करावी लागते. घासताना हात थरथरत होता.

इपॉक्सीने एकदा दगा दिला. डब्यात अर्धा लिटर कालवलं आणि कापड कापायला वळलो, तोवर डबा हातात धरवेना एवढा तापला, धूर आला.

दर्यावर्दी | १३ ऑक्टोबर, सकाळी ७.४०

उष्णता बाहेर पडायला वाट नव्हती. कालवलं की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, आणि एका वेळी पाव लिटरच्या वर नको. ऑक्टोबर हीटमध्ये पहाटे पाच ते आठ हीच इपॉक्सीची वेळ.

दुसरं, दमट हवेत इपॉक्सी वाळताना वर मेणचट थर येतो. त्यावर तसाच दुसरा हात दिला तर पकडत नाही. पॉलिश पेपर मारून तो जात नाही, उलट आत दाबला जातो. आधी साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा, पुसा, मग घासा.

इपॉक्सीशिवाय साधं रेझिनही वापरणार असाल तर ते घट्ट करायला कॅटॅलिस्ट आणि कोबाल्ट लागतात, या दोन बाटल्या एकमेकींत कधी, कधीही थेट मिसळू नका. स्फोट होतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायची, मग दुसरी. दोन्ही ठेवायच्याही वेगळ्या.

खाडीकाठी | १९ ऑक्टोबर, रात्री १०

डेक उघडला. ग्राइंडरने दोन फूट बाय चार फुटांची वरची साल कापून अख्खी उचलली. आतलं लाकूड चहात बुडवलेल्या पावासारखं, मुठीत पिळलं तर पाणी गळालं. कडेकडेने खरवडत गेलो तेव्हा कुठे कोरडं लाकूड लागलं. आता चार दिवस उघडा ठेवून वाळवतोय. बायको आणि मुलगी दिवाळीला इथेच येतायत. कंदील होडीच्या मांडवाला लावणार.

खाडीवाली | २० ऑक्टोबर, दुपारी १२

शुभ दिवाळी. बांबूवरचे आकडे द्या ना. बाबा रोज विचारतात.

खाडीकाठी | २३ ऑक्टोबर, सकाळी ६.३०

ऑक्टोबरातल्या पौर्णिमेच्या उधाणाला तीन फूट एक इंच. आता अमावास्येला काल रात्री दोन फूट सात. मोजायला तिघंही कंदील घेऊन उभे होतो. मुलीने खुणेवर खडूने रेघ मारली.

खाडीकाठी | २६ ऑक्टोबर, रात्री ९

पाऊस थांबत नाहीये. ऑक्टोबर संपत आला तरी आभाळ भरलेलं. वाळवलेल्या डेकवर रात्री मांडवातून पाणी ठिबकलं. पुसलं, हीट गन फिरवली, पण नवीन प्लायवूड बसवायची हिंमत झाली नाही. तळाला रंग लागलेला नाही. अकरा दिवस.

कोकणस्थ_मुलुंड | २६ ऑक्टोबर, रात्री १०.१५

खरं सांगू का? पुढे ढकला. डिसेंबरच्या पौर्णिमेलाही मोठं उधाण आहे. घाईत डेक बंद केलात तर ओल आत कोंडून दोन वर्षांत पुन्हा तेच. तांडेलांशी बोला, समजून घेतील.

खाडीकाठी | २६ ऑक्टोबर, रात्री १०.५०

समजून घेतील, मला माहीत आहे. म्हणूनच विचारायचं नाही. काल संध्याकाळी ते समुद्रावरून आले तेव्हा मुलगा पंप मारत होता आणि ते बादलीने उपसत होते. त्या होडीवर तीन घरं चालतात. आणखी महिनाभर मी त्यांना तसं पाठवणार नाही.

दर्यावर्दी | २६ ऑक्टोबर, रात्री ११.३०

दोघांचंही बरोबर आहे आणि त्यातून वाट निघते. तारीख पाळा, डेक बंद करू नका.

उघड्या डेकच्या खड्ड्यावर प्लायवूडचा तात्पुरता पत्रा टाका, कडेने सीलंट आणि स्क्रू, वर ताडपत्री. होडी तशी उतरू दे. नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोरड्या हवेत नांगरावर बसून डेक सावकाश वाळवून बंद करा. आता जेवढे दिवस आहेत ते सगळे तळाला द्या.

मेरीलँडकर | २७ ऑक्टोबर, पहाटे ४.२०

+१. आणि डोलकाठीही आत्ता उभी करू नका. ताणाच्या तारा ज्या पट्ट्यांना अडकतात त्या चेनप्लेट डेकमधून जिथे आरपार जातात तिथे उपसून बघितल्यात का? स्टीलला गंजू न देणारा थर टिकायला हवा लागते. डेकच्या फटीत पाणी साचून राहतं, हवा पोचत नाही, आणि पट्टी नेमकी दिसत नाही तिथेच खाल्ली जाते. वरून आरशासारखी चकचकीत असते. माझ्या एका मित्राची डोलकाठी याच कारणाने भर वाऱ्यात आडवी झाली.

खाडीकाठी | २ नोव्हेंबर, रात्री १०

चेनप्लेट उपसल्या. सहापैकी दोघींना डेकच्या पातळीवर केसाएवढी चीर. भिंगाखाली मुलीला दिसली, मला नाही. डोलकाठी आडवी बांधून होडी उतरणार हे ठरलं, आणि ठरल्यावर मन हलकं झालं.

बाकी: नवे कॉक ब्रॉन्झचे, खाली जाड प्लायवूडचे ठोकळे, प्रत्येक पाइपला दोन-दोन क्लिप. ग्लँडमधली जुनी दोरी काढली, ती दगड झाली होती. नव्या तीन कड्या घातल्या, प्रत्येकीचा सांधा आधीच्यापासून वळवून. झिंकचा नवा ठोकळा लावला आणि मुलीला बजावलं, यावर रंगाचा थेंबही नको, तो झिजण्यासाठीच आहे. शनिवारी ऊन पडलं. बायको, मी आणि तांडेलांचा मुलगा, तिघांनी दोन दिवसांत तळाला प्रायमर आणि शेवाळ-शिंपल्यांना रोखणाऱ्या रंगाचे दोन हात मारले. टेकूंच्या खालचे चट्टे राहिलेत, ते बुधवारी टेकू एकेक करून हलवून.

खाडीवाली | ३ नोव्हेंबर, सकाळी ९.१५

बाबा म्हणतात, टेकू हलवताना एका वेळी एकच, आणि आधी दुसरा ठोकून मगच पहिला काढायचा. आणि होडी तरंगायला लागल्यावर टेकू आपोआप पडतात, त्यांना आधीच दोर बांधा. नाहीतर ते तळाखाली जाऊन अडकतात आणि ओहोटीला होडी त्यांच्यावर बसते.

खाडीकाठी | ७ नोव्हेंबर, पहाटे ४.४५

झोप येत नाही म्हणून लिहितोय.

दुपारच्या भरतीला अडीच फूटही चढलं नाही. तुम्ही सांगितलं होतं तरी पोटात गोळा आला. रात्री दहापासून सगळे काठावर. नांगर आधीच दुसऱ्या होडीने नेऊन खाडीत मधोमध टाकला होता, त्याचा दोर माझ्या हातात. बायको केबिनमध्ये टॉर्च घेऊन, तिच्याकडे एकच काम: तीन कॉक, दोन बुजवलेली भोकं आणि ग्लँड, आळीपाळीने हात लावून बघत राहायचं आणि जे दिसेल ते ओरडून सांगायचं. तांडेलांनी नारळ फोडला, नाळेला, होडीच्या पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावलं.

साडेबाराला पाणी ओंडक्यांवर तीन फुटांच्या खुणेला. काहीच हललं नाही. पावणेएकला तीन फूट दोन इंच. डावा पुढचा टेकू कलंडला, दोराने ओढून घेतला. मग होडी किंचित डुलली, जशी झोपेत कूस बदलावी तशी. आतून बायकोचा आवाज आला, "कोरडं आहे, सगळं कोरडं आहे!" थोड्या वेळाने, "ग्लँडमधून थेंब येतोय." मी नांगराचा दोर ओढायला लागलो. चार माणसं कमरेएवढ्या पाण्यात, कोणी ढकललं नाही, फक्त हात लावून होती. एक वाजून पाच मिनिटांनी कणा शेवटच्या ओंडक्यावरून सुटला.

आम्ही बाजूला होतोय तोवर तांडेलांची होडी आमच्या शेजारून आत गेली, पंप चालू. दीडला ती ओंडक्यांवर होती. ओहोटी लागली तशी टेकली आणि तळातून पाणी उलटं बाहेर गळायला लागलं. त्यांचा मुलगा कंदील धरून ते गळताना बघत उभा होता, बराच वेळ.

दर्यावर्दी | ७ नोव्हेंबर, सकाळी ६.१०

वा. डोळे भरून आले.

ग्लँडचा थेंब: इंजिन बंद असताना मिनिटाला एखाद-दुसरा आला तरी आज हात लावू नका. नवी दोरी पाण्यात फुगते. उद्या नट अगदी पाव वळसा. चालू शाफ्टला दोन-चार थेंब यायलाच हवेत, तेच तिचं वंगण आहे. कोरडी ठणठणीत आवळलीत तर शाफ्ट खाईल.

सुमेधा_प | ७ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

ऑफिसच्या बसमध्ये वाचलं आणि शेजारच्या मैत्रिणीला सगळं पहिल्यापासून सांगितलं. प्रचि (फोटो) टाका ना. आणि आता डोलकाठी कधी? मला हातोडी ठोकून थप्प-टण्ण ऐकता येईल, एवढं तरी करायला येऊ का?

खाडीकाठी | ७ नोव्हेंबर, सकाळी ९

जरूर या. जुने कपडे आणि चांगला मास्क आणा, फायबरची धूळ फार वाईट.

नव्या चेनप्लेट अलिबागला कापायला देतोय, ३१६ स्टीलच्या. डोलकाठी जेटीवरून दोन वासे कैचीसारखे बांधून उभी करायचा विचार आहे. भरतीला डेक जेटीच्या पातळीला येतो, तेव्हाच जमेल. अमावास्या २० ला आहे, मी येणार शनिवारी २२ ला.

खाडीवाली | ७ नोव्हेंबर, सकाळी ९.२०

२२ ला द्वितीया. दुपारी दीडच्या आसपास. बाबा येतो म्हणालेत, वासे आमच्याकडे आहेत.